गाईडचं पोट कशावर चालतं?

फर्दापूरकर (धागाकर्ता)

परवा इथे कुणीतरी 'वेरूळला गाईड घ्यावा का' असं विचारलं आणि 'नको, सगळे लुटारू' असे प्रतिसाद धडाधड आले. तिथेच भांडत बसलो असतो तर त्या बिचाऱ्याची सहल बाजूला राहिली असती, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. मी अजिंठा-वेरूळ पट्ट्यात गाईडचं काम करतो. घर त्यावरच चालतं, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

'गाईड' म्हणून तुमच्यापुढे उभा राहणारा माणूस दर वेळी एकाच प्रकारचा नसतो. आमच्याकडेच बघा. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेले प्रादेशिक गाईड असतात. पदवी, परीक्षा, ग्वाल्हेरच्या आयआयटीटीएम या सरकारी संस्थेचं प्रशिक्षण, आणि मग ते कार्ड गळ्यात येतं. त्यांना एका लेण्यापुरतं बांधलेलं नसतं, अख्ख्या विभागात काम करता येतं. त्याखाली राज्याचे आणि एका ठिकाणापुरते स्थानिक गाईड. अलीकडे मंत्रालयाने ऑनलाइन अभ्यासक्रम करून 'टुरिस्ट फॅसिलिटेटर' व्हायची सोय काढली. वर्षानुवर्षं परवाना सांभाळलेल्या लोकांना ती फारशी रुचली नाही, पण त्यातून चांगली नवी पोरं आली हेही खरं. मग गाडीचा ड्रायव्हर, जो रस्ताभर गाईडच असतो. आणि शेवटी तिकीट खिडकीशी 'साहेब, गाईड?' करत मागे लागणारा, ज्याच्याकडे यातलं काहीच नसतं. पुरातत्त्व खात्याच्या 1959 च्या नियमांप्रमाणे संरक्षित स्मारकात पैसे घेऊन माणसं फिरवायची तर परवाना लागतो. यांतल्या नेमक्या कुणी लुटलं हे बहुतेकांना सांगता येत नाही, कारण कार्ड बघायची आपल्याला सवयच नाही.

आता पैसे. सरकारी दरपत्रक वेळेवर आणि माणसांवर चालतं. चार तासांचा अर्धा दिवस, आठ तासांचा पूर्ण दिवस. पाचपर्यंत माणसं असली तर एक दर, मोठ्या ग्रुपला वेगळा. हिंदी-इंग्रजीपलीकडची भाषा असेल तर भत्ता, बाहेरगावी मुक्काम पडला तर त्याचा भत्ता. ऐकायला झकास वाटतं. पण रोज पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, मिळत नाही, हे कुणी धरत नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सीझन ऑक्टोबर ते मार्च. एप्रिल-मेच्या उन्हात लेण्यांपुढचा कातळ असा तापतो की माणूस अर्ध्यातून परत फिरतो.

गणित समजावं म्हणून आकडे धरू, दरपत्रक म्हणून वाचू नका. अर्ध्या दिवसाचे दीड हजार धरा. सीझनच्या सहा महिन्यांत महिन्याला पंधरा पार्ट्या, उरलेल्या सहांत चार-चार. वर्षाचे झाले 1,71,000. महिन्याला सव्वाचौदा हजार. त्यातून रोजचं पेट्रोल वजा करा, छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा शंभर किलोमीटर आहे. पीएफ नाही, रजा नाही, घसा बसला तर त्या दिवसाचं उत्पन्न शून्य.

ही तूट भरायला दोनच वाटा असतात, टीप आणि शोरूम. तुम्ही हिमरू शाल किंवा पैठणी घेतलीत की बिलातला काही हिस्सा गाडीवाल्याकडे आणि गाईडकडे जातो. हे सगळेच करतात असं नाही, पण कुणीच करत नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. कोणत्याही गावात गाईड घेताना मी एकच बघतो: याला पैसे कोण देतंय? तुम्ही देत असाल तर तो तुम्हाला लेणी दाखवेल. दुकानदार देत असेल तर लेणी पाऊण तासात उरकतील. एजंट देत असेल तर घड्याळ एजंटचं.

बाकी ठिकाणचं इथले जाणकार सांगतीलच. ताडोबावाले, ट्रेकवाले, युरोपवाले, या.

---

पेन्शनर_सदाशिव

लेख छान, पण म्हणून आम्ही काय काहीही ऐकून घ्यायचं? रायगडावर आमच्या गाईडने बाजारपेठ दाखवली आणि म्हणाला, जोती उंच आहेत कारण मावळे घोड्यावर बसूनच खरेदी करायचे. मी म्हटलं, बाबा रे, याला कागद कुठला? तर म्हणतो, 'काका, आमचे आजोबा सांगायचे.' जंजिऱ्याला होडीतच एकाने डोकी मोजून पैसे गोळा केले आणि किल्ल्यावर गेल्यावर कलालबांगडी तोफेच्या वजनाचे आणि पल्ल्याचे असे आकडे फेकले की त्या हिशोबाने गोळा पनवेलला पडावा.

इतिहास सांगायचा तर नीट सांगा, नाहीतर पैसे मागू नका. इतकं साधं आहे.

---

फर्दापूरकर

काका, तक्रार रास्त आहे. पण दुसरी बाजूही ऐका. हल्ली कैलास लेण्यात उभं राहिलं की पार्टी विचारतेच, 'हे परग्रहावरच्या लोकांनी केलं ना? आम्ही व्हिडिओ बघितलाय.' आता मी सांगतो की राष्ट्रकूटांचं काम आहे, पहिल्या कृष्ण राजाच्या काळात, म्हणजे आठव्या शतकात, मुख्य मंदिर खोदलं गेलं, वरून खाली, छिन्नी-हातोड्याने. अर्धवट लेण्यांत छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. अजिंठ्याचं 24 नंबर अपुरं राहिलंय, तिथे छताकडून खाली कसं खोदत यायचे ते उघड कळतं. हे ऐकून निम्म्या लोकांचं तोंड उतरतं. शेजारचा गाईड मात्र डोळे मोठे करून 'साहेब, शास्त्रज्ञांनाही कोडं आहे' म्हणतो, आणि टीप त्याला पडते.

घोड्यावरची खरेदी तशीच टिकलीय. ऐकणाऱ्याला आवडते म्हणून.

कला समजावून दिली तरी लोक खूश होतात, नाही असं नाही. अजिंठ्याच्या 1 नंबरात गाभाऱ्यातल्या बुद्धाच्या चेहऱ्यावर टॉर्च एका बाजूने धरली तर तो हसरा दिसतो, दुसऱ्या बाजूने धरली की गंभीर, समोरून धरली तर ध्यानस्थ. किंवा वेरूळचं 10 नंबर, ज्याला आम्ही सुतार लेणं म्हणतो. तिथे बुद्धमूर्तीपुढे उभं राहून एक सूर लावला की वरच्या दगडी फासळ्यांमधून तो घुमत राहतो. ग्रुपमधली बडबडी पोरंसुद्धा तिथे गप्प होतात. याला थाप लागत नाही, गर्दी नसलेली पाच मिनिटं लागतात. एजंटच्या वेळापत्रकात तीच नसतात.

---

बफर_झोन

मोहर्लीकडून हजर.

आमच्याकडचा प्रकार निराळा आहे. ताडोबात गाईड घ्यायचा की नाही हा प्रश्नच नाही. जिप्सीत गाईड असल्याशिवाय गेट उघडत नाही. तो वनखात्याकडे नोंदवलेला आणि बहुतेक करून आसपासच्याच गावचा. पार्टी आपण निवडत नाही, पार्टीही आपल्याला निवडत नाही. गेटवर नंबर लागतो. आज माझा नंबर आला तर सकाळची फेरी, नाहीतर बसा. फी ठरलेली आणि सगळ्यांना सारखी. वीस वर्षं जंगल बघितलेला आणि गेल्या वर्षी लागलेला, दोघांना तेवढीच.

म्हणून फरक पडतो तो टिपेचा. आणि टीप वाघावर ठरते. साइटिंग झालं तर पाचशेची नोट निघते, नाही झालं तर 'चला, पुन्हा येऊ.' सांबराचा कॉल ऐकून, पगमार्क बघून, वाऱ्याची दिशा धरून तुम्हाला बरोबर पाणवठ्यावर नेला, आणि वाघ बांबूत झोपून राहिला, तर कसब गेलं वाया. उलट कुणाला काही येत नसेल आणि वाघ रस्त्यात बसलेला असेल तर तो हिरो.

2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना जिप्सींनी दोन्हीकडून अडवलं, व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. झाली ते योग्यच झालं. फक्त गाडीत मागे बसून 'अजून पुढे घे, अजून पुढे घे' म्हणणारे कोण होते, तेही लक्षात असू द्या.

कोअर, म्हणजे आतलं जंगल, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद, दर मंगळवारी सुट्टी. बफर, म्हणजे भोवतीचा पट्टा, चालू असतो, पण पर्यटक कमी. त्या दिवसांत धानाची शेती. उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायचे दिवस आणि सफारीचा सीझन एकदमच येतात. पूर्वी अख्खं घर मोह वेचायला जायचं, आता एक जण गेटवर असतो. आमच्याकडे बायकाही गाईड आहेत, आणि पक्ष्यांच्या बाबतीत त्यांतल्या काही जणी आम्हा पुरुषांना ऐकत नाहीत.

---

निळी_बॅग

मी ग्रुप टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे (कंपनीचं नाव विचारू नये). धाग्यात आमची जमात राहिलीच.

लोक आम्हाला सर्रास गाईड म्हणतात, पण युरोपात पाऊल ठेवलं की हा फरक फार महागात पडू शकतो. इटलीत स्मारकाची माहिती सांगायचा धंदा परवानाधारक गाईडचा. आता तर तिथे 2023 च्या कायद्याने देशपातळीवर एकच परीक्षा आणली आहे. आम्ही ग्रुप नेणारे, म्हणजे हॉटेल, बस, जेवण, पासपोर्ट, औषधं, रुसवेफुगवे. फ्रान्समध्येही संग्रहालयात आणि ऐतिहासिक वास्तूत ग्रुपला माहिती द्यायला गाईडचं व्यावसायिक कार्ड लागतं. म्हणून प्रत्येक शहरात दोन-तीन तासांसाठी स्थानिक गाईड घ्यावा लागतो. रोमला आमची गाईडबाई पुढे इंग्रजीत बोलत असते, सगळ्यांच्या कानात तिची ती यंत्रं, आणि शेवटी रेंगाळणाऱ्या आजींना मी हळूच मराठीत सांगत चालते. तिने मागे वळून बघितलं की मी गप्प.

पैशाचं म्हणाल तर आमचा पगार बेताचा, दौऱ्यावर असू तेवढ्या दिवसांचा भत्ता, आणि टीप. बऱ्याच कंपन्या आता टिपेचे पैसे माणशी, दिवसावर, बुकिंगच्या वेळीच घेतात. त्यातून बसचा ड्रायव्हर, हॉटेलवाले, आम्ही असे वाटे पडतात. पूर्वी शेवटच्या दिवशी पाकीट फिरायचं आणि कुणी किती घातले यावरून बसमध्ये राजकारण व्हायचं, ते थांबलं. ऐच्छिक सहली असतात, त्यावरही काही ठिकाणी आम्हाला सुटतात. घड्याळांच्या आणि चॉकलेटच्या दुकानांबद्दल फर्दापूरकरांनी लिहिलंच आहे, युरोपात काही वेगळं नाही. फक्त पिशवी जास्त सुंदर.

अवांतर: बसचा ड्रायव्हर जेवायला थांबला की लोक कुरकुरतात. युरोपीय संघाच्या नियमाने साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबणं सक्तीचं आहे, आणि दिवसाचं ड्रायव्हिंग साधारण नऊ तास. यंत्रात नोंद होते. 'अहो, पाच मिनिटं अजून चालवा म्हणावं त्याला' असं मला सांगू नका.

---

पेन्शनर_सदाशिव

म्हणजे तुम्ही गाईडही नाही आणि तरी दिवसाला टीप घेता? घ्या बापडे.

---

निळी_बॅग

काका, रात्री दोन वाजता कुणाची बीपीची गोळी संपली तर दार आमचंच वाजतं. तुम्ही एकदा आमच्याबरोबर याच.

---

व्लताव्हाकाठी

प्राग. इथे 'फ्री वॉकिंग टूर'चं पेव आहे. लाल-पिवळ्या छत्र्या घेऊन पोरं चौकात उभी असतात. चालणं फुकट, शेवटी वाटेल ते द्या. आपल्या लोकांना वाटतं, सरकारी योजना आहे की काय. सरकार-बिरकार काही नाही. पोरं टिपेवर जगतात, आणि काही कंपन्यांमध्ये गाईडलाच डोक्यामागे ठरावीक रक्कम कंपनीला द्यावी लागते. सुरुवातीला ग्रुपचा फोटो का काढतात असं मला वाटायचं. इथल्या एका गाईडनेच सांगितलं, तो आठवण म्हणून नसतो, डोकी मोजायला असतो. म्हणजे तुम्ही अडीच तास फिरून, शेवटी 'थँक्यू' म्हणून सटकलात, तर त्याने तुम्हाला स्वतःच्या खिशातून फिरवलं.

हे लिहायचं कारण: आपले मराठी व्लॉगर 'युरोप स्वस्तात कसं करावं' मध्ये हा सल्ला हमखास देतात. टूर घ्या, पण पाकीट बरोबर असू द्या.

बाकी या गाईडांच्या गोष्टीही ऐकण्यासारख्या. टिपेवर जगणाऱ्याला कंटाळवाणं राहून चालत नाही. खगोलीय घड्याळ बनवणाऱ्या कारागिराचे डोळे काढले ही कथा इथे दर तासाला कुणी ना कुणी सांगत असतं. घोड्यावरच्या खरेदीचीच बहीण!

---

कातळकडा

ट्रेकच्या बाजूने थोडं.

सह्याद्रीत जुना माणूस म्हणजे वाटाड्या. साम्रद, पाचनई, खिरेश्वर अशा गावांत तो अजून आहे. त्याचं दरपत्रक नसतं. पूर्वी तर पैसे घ्यायलाच लाजायचे. आता घर पुढे आलंय: वाटाड्याचे थोडे, बाकी पिठलं-भाकरी, तंबू, पार्किंग, सकाळचे पोहे. सांदण दरीसाठी साम्रदला गेलात तर दिसेल, कमाई वाट दाखवण्यात कमी आणि ताटात जास्त आहे. भंडारदऱ्याकडे मेअखेर-जूनमध्ये काजव्यांचे दिवस असतात, त्या थोड्या रात्रींत काही घरांचं पावसाळ्याचं बियाणं निघतं.

त्याच्या डोक्यावर बसलाय शहरातला आयोजक. इन्स्टावर जाहिरात, माणशी हजार-बाराशे, दोन बस भरून पोरं. बरोबरचा 'ट्रेक लीडर' म्हणजे बहुतेक वेळा कॉलेजचा विद्यार्थी, ज्याला ट्रेक फुकट आणि वर किरकोळ मानधन. गावातल्या माणसाला ताटाचे पैसे मिळतात. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करायची, प्रशिक्षित माणूस ठेवायचा, विमा उतरवायचा असं सगळं आहे. शनिवारी रात्री निघणाऱ्या बसेसपैकी किती जण हे पाळतात, ते आयोजकाला नोंदणी क्रमांक विचारून बघा. उत्तराऐवजी स्माइली येते.

मला विचाराल तर आयोजकाबरोबर जा नाहीतर एकटे जा, पण धुक्याच्या दिवसांत गावातला माणूस घ्याच, आणि त्याचे पैसे थेट त्याच्या हातात द्या.

---

गोदाकाठ

सगळे नवे प्रकार झाले, सगळ्यात जुना राहिला. क्षेत्रोपाध्ये!

नाशिक, त्र्यंबक, काशी, गया. गाडीतून उतरलात की 'गाव कोणतं, आडनाव काय?' दोन उत्तरं दिली की तुम्ही कुणाचे यजमान ते ठरतं, कारण यजमान गावांप्रमाणे, घराण्यांप्रमाणे वाटलेले. मग त्यांच्याकडची वही निघते आणि पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण होतं, ते त्यांच्याच अक्षरात समोर येतं. राहायची सोय, विधी, देवदर्शन, परतीची गाडी, सगळं एकाच घरातून. गाईड, हॉटेल आणि एजंट एकत्र म्हणा. पैसे दक्षिणेच्या रूपाने, आणि पुढच्या पिढीचं गिऱ्हाईक बांधलेलं.

दक्षिणेवरून घासाघीस तिथेही होतेच, ते सांगायला नको. पण हा माणूस पुढच्या वेळी तुमचा मुलगा येणार हे धरून वागतो. तिकीट खिडकीशी भेटणाऱ्याला तुम्ही पुन्हा दिसणारच नसता.

---

फर्दापूरकर

गोदाकाठ, हे भारी सांगितलंत. आग्रा-जयपूरकडे नेमकं उलटं आहे. तिकडे रस्त्यात गाठून दुकानात नेणाऱ्याला लपका म्हणतात. राजस्थानने त्यांच्या बंदोबस्तासाठी 2010 मध्ये वेगळा कायदा केला. तरी आमच्या धंद्यातल्या तिकडच्या मित्रांकडून ऐकतो की काही एजंट परवानाधारक गाईडलाच म्हणतात, 'फी कशाला हवी? पार्टी श्रीमंत आहे, संगमरवरावर नक्षी जडवणाऱ्या पच्चीकारीवाल्याकडे ने, तुझं निघेल.' असा गाईड घेतला की ताजमहाल स्वस्तात बघून होतो आणि संगमरवरी टेबल घरी येतं.

कोविडचं कुणी काढलं नाही, म्हणून मीच लिहितो. मार्च 2020 मध्ये स्मारकं बंद झाली आणि आमचं उत्पन्न एका दिवसात थांबलं. मधे दारं उघडली, पुन्हा बंद झाली, परदेशी माणूस तर कितीतरी दिवस दिसलाच नाही. जून 2021 मध्ये केंद्राने मदत जाहीर केली: मंत्रालयाकडे आणि राज्यांकडे नोंदलेल्या 10,700 गाईडांना एक लाखापर्यंत कर्ज, सरकारच्या हमीवर. ट्रॅव्हल कंपन्यांना दहा लाखांपर्यंत. तारण नको, हे चांगलं होतं. पण ते कर्ज होतं, आणि फेडायचं पर्यटकांच्या पैशातून, जे येत नव्हते. शिवाय आकडा पुन्हा बघा. अख्ख्या देशात नोंदलेले दहा हजार सातशे. बिनपरवान्याचे, गेटवरचे, वाटाडे, होडीतले, ड्रायव्हर हे कुणी त्यात नाहीत. आमच्या बाजूच्या कित्येकांनी तेव्हा भाजीच्या गाड्या लावल्या, काही जण वाळूजच्या कंपन्यांमध्ये कंत्राटावर गेले. सगळे परत आले नाहीत. जपानी बोलणारे गेले त्यांची जागा भरायला वेळ लागतो, कारण ती भाषा सहा महिन्यांत येत नाही.

---

मालवणी_खाजा

आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्यावर पावसाळ्यात होड्याच बंद. किल्ला समोर दिसतोय आणि कमाई नाही. सीझनला गाईड माणसांवर नाही, फेरीवर बोलतो: होडीवाला ठरलेल्या वेळात परत बोलावतो, त्यात शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा, गोड्या पाण्याच्या विहिरी, एवढं बसवायचं. लोकांचं अर्धं लक्ष स्कुबाकडे. खरं सांगायचं तर आता पैसा पाण्याखाली आहे, तटबंदीवर नाही. तरुण पोरगे तिकडेच वळले.

गेल्या वर्षी, जुलै 2025 मध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले, आमचे सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग त्यात. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता बघू, विजयदुर्गाला तरी माणूस थांबतो का, की गणपतीपुळ्याहून येऊन फोटो काढून परत.

---

ऋतुजा_पी

सगळा धागा वाचून काढला. माझी मावसबहीण वीस वर्षांची आहे, इतिहास घेऊन बीए करतेय आणि गाईड व्हायचं म्हणते. घरचे म्हणतात हे काय करिअर आहे का. फर्दापूरकरकाका, निळी_बॅगताई, तिला काय सांगू? जपानी शिकावी की फ्रेंच?

---

निळी_बॅग

तिला लोक सांभाळायला आवडतात की विषय सांगायला, हे आधी विचार. लोक आवडत असतील तर टूर मॅनेजर, सुरुवात देशातल्या टूरवर होते, काश्मीर-केरळ करून मग परदेश. विषय आवडत असेल तर आमच्याकडे येऊ नकोस म्हणावं, पोटदुखीच्या गोळ्या वाटण्यात इतिहास विसरेल.

---

फर्दापूरकर

ऋतुजा, भाषा कोणती ते गाव बघून ठरव. आमच्याकडे बौद्ध लेण्यांमुळे जपान, कोरिया, थायलंड, श्रीलंकेकडून यात्रेकरू येतात, तिथे जपानी किंवा कोरियन. मुंबईत राहणार असेल तर फ्रेंच-जर्मन-स्पॅनिशला काम आहे. जी घेईल ती नीट घ्यावी. 'नमस्कार, या, बसा' एवढी जपानी येणारे ढिगाने आहेत.

मुंबई-पुण्यात आणखी एक वाट झालीय, हेरिटेज वॉकची. शनिवार-रविवार, माणशी तिकीट आगाऊ, दोन-तीन तास. फोर्टातल्या इमारती, गिरगावच्या वाड्या, पुण्यातले पेठांचे वाडे. शाळा आणि कंपन्यांचे ग्रुपही मिळतात. तिथे दुकान नाही, एजंट नाही, पैसे ऐकणाऱ्याचे. म्हणून तिथला गाईड अभ्यास करूनच येतो, नाहीतर पुढच्या रविवारी कुणी येत नाही. शिकता शिकता तिने यापासून सुरुवात करावी. धारावीतही अशा सहली गेली कित्येक वर्षं चालतात, फोटो काढायला बंदी असते आणि नफ्यातला मोठा हिस्सा तिथल्याच कामाला जातो असं मॉडेल आहे. एकदा जाऊन ऐकावं, गाईड माणसांच्या घरांतून ग्रुप कसा नेतो ते बघण्यासारखं आहे.

घरच्यांना सांग, पहिली दोन-तीन वर्षं दुसरं काहीतरी जोडीला लागेल. शिकवण्या, भाषांतर, काहीही. परवान्याच्या परीक्षेची जाहिरात दरवर्षी निघतेच असं नाही, निघाली की सोडू नये. दरम्यान फॅसिलिटेटरचा ऑनलाइन अभ्यासक्रम करून ठेवावा.

---

पेन्शनर_सदाशिव

मुलीला पाठवा. पण रायगडावर उभी राहिली तर घोड्याची गोष्ट सांगणार नाही असं लिहून घ्या.

आणि फर्दापूरकर, डिसेंबरात आम्ही आठ जण ज्येष्ठ नागरिक अजिंठ्याला येतोय. एकाला गुडघ्याचा त्रास आहे. डोली मिळते का, आणि तुमचा दर आधीच सांगा, तिथे येऊन भाव करणार नाही.

---

फर्दापूरकर

डोली मिळते काका, लेण्यांच्या पायथ्याशीच. डोलीवाल्यांचा दर तिथेच आधी ठरवून घ्या, जाऊन-येऊन किती ते स्पष्ट विचारा. सोमवार टाळा. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून पुढे बसने यावं लागतं, म्हणून सकाळी पहिल्या बसला या. आठ जण म्हणजे पाचांच्या वरचा दर लागेल. आकडा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, पावती मिळेल. शोरूम नाही.

---

पेन्शनर_सदाशिव

व्यनि मिळाला. ठीक आहे. बायकोला पैठणी बघायची आहे म्हणे, तेव्हा शोरूमचं तुमचं तुम्ही तिच्याशी बोला.